मुंबई पाहून परतल्यावर

मे महिन्यातला दुसरा आठवडा. मराठवाड्यातले एक कुटुंब नातवंडांच्या सुट्टीत मुंबई पाहायला येते. धाकटा मुलगा डोंबिवलीला नोकरीला. त्याच्या दोन खोल्यांत आठ माणसे. पहिल्या दिवशी सिद्धिविनायक आणि गिरगाव चौपाटी, दुसऱ्या दिवशी गेटवे आणि घारापुरी, तिसऱ्या दिवशी राणीची बाग. बरोबर सत्तरीचे आजोबा. वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाचीही गोळी चालू. चौपाटीवर सगळ्यांनी पाणीपुरी खाल्ली, नातवंडांच्या आग्रहाने आजोबांनी काला खट्टा गोळाही खाल्ला. घारापुरीच्या पायऱ्या चढून त्यांचे गुडघे भरून आले, म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. ती सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे जुलाब लागले.

"मुंबईचं पाणी बाधलं," असा निदानाचा निकाल घरातच लागला. जुलाब बांधायची गोळी झाली. आजोबांनी खाणे बंद केले. पाणीही घोट घोटच, कारण रात्रीची गाडी होती आणि डब्यात सारखे उठायला नको. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र त्यांनी नेमाने घेतल्या, एकही चुकवली नाही. गावाकडच्या स्टेशनवर उतरले तेव्हा लघवी होऊन अठरा तास उलटले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासले तेव्हा क्रिएटिनिन सहाच्या वर निघाले. साधारणपणे ते दीडच्या आत असायला हवे.

सुट्ट्यांच्या दिवसांत सरकारी रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डात तपशील थोडाफार बदलून ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. नातेवाईक प्रत्येक वेळी पाणीपुरीवाल्याला शिव्या घालतात. पण त्याच गाडीवर खाल्लेल्या बाकी सात जणांपैकी तिघांचे पोट बिघडले होते आणि दोन दिवसांत ती ठणठणीत झाली. आजोबांचे जुलाब पाणीपुरीमुळे झाले असतील. मूत्रपिंडे बंद पडली ती मात्र वेगळ्याच कारणांनी, आणि ती कारणे सगळी घरातलीच होती.

आधी पाण्याकडे पाहू. मुंबईला नळाचे पाणी १८६० साली विहार तलावातून मिळू लागले. आज विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा अशा सात जलाशयांतून ते येते. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते पिण्याजोगे असते. खरा प्रश्न पुढच्या प्रवासाचा आहे. शहराच्या बहुतेक भागांत पाणी दिवसाचे काही तासच सुटते. नळ बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे वाहिनी फुटकी असेल, शेजारून गटार जात असेल, तिथे बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढे इमारतीची टाकी, मग घरातले पिंप, आणि गाडीवाल्याच्या बाबतीत दुसऱ्याकडून भरून आणलेला प्लास्टिकचा कॅन, त्यात बुडणारा मग आणि मग धरणारा हात. शेवटच्या या पन्नास फुटांतच बहुतेक गडबड होते.

मग मुंबईकरांना कसे काही होत नाही? होते. फक्त ते सांगत नाहीत, आणि काही जंतूंशी त्यांच्या आतड्यांची जुनी ओळख असते. प्रवाशांच्या जुलाबांमागे बहुतेक वेळा ई-कोलाय या जंतूची विष तयार करणारी जात असते. नव्या गावात आलेल्याला ती पहिल्या आठवड्यात गाठते आणि धडधाकट माणसाला तीन-चार दिवसांत सोडून जाते. मुंबईचा माणूस आजोळी जाऊन विहिरीचे पाणी प्यायला तर त्याचीही हीच गत होते. 'पाणी बाधलं' या शब्दात शास्त्र आहेच, फक्त औषधाची दिशा त्यातून कळत नाही.

रस्त्यावरचे काही खाऊ नका, हा सल्ला डॉक्टर मंडळी पिढ्यानपिढ्या देत आली आहेत आणि लोक तो पिढ्यानपिढ्या धुडकावत आले आहेत. त्यात लोकांचे फारसे चुकत नाही. मुंबईला येऊन वडापाव न खाता परतायचे, तर यायचे कशाला? शिवाय हा सल्ला शास्त्राच्या कसोटीवरही पुरता उतरत नाही. कढईतून नुकताच काढलेला वडा पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या तेलातून आलेला असतो. त्यात जिवंत जंतू सापडणे कठीण. सुक्या लसणाच्या चटणीत पाणीच नसते, त्यामुळे जंतू वाढायला तिथे सोय नाही. तीच गोष्ट तव्यावर रटरटणाऱ्या पावभाजीची आणि उकळत्या चहाची. धोका त्यांच्या शेजारी असतो. पातळ हिरवी चटणी, वरून भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर, सकाळीच चिरून ठेवलेला कांदा, सँडविचमधली काकडी, कापून मांडलेल्या फळांची डिश, आणि ज्या बादलीत दिवसभर सगळ्यांचे ग्लास बुडवून काढतात ती बादली. त्याच गाडीवर, त्याच मालकाकडे, एक पदार्थ निर्धास्त खावा आणि दुसऱ्याला हात लावू नये अशी परिस्थिती असते.

उलट चांगल्या लॉजमध्ये दुपारी बाराला शिजवून तीनपर्यंत कोमट ठेवलेला भात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढला तरी, वड्यापेक्षा जास्त जोखमीचा. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीज तग धरून राहते, कोमट तापमानात वाढते आणि जे विष तयार करते ते पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवणानंतर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या तर संशय अशा तयार विषावर घ्यावा. स्वच्छ दिसणे आणि निर्जंतुक असणे यांचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही.

पाणीपुरीत मात्र सगळेच धोके एकत्र येतात: न उकळलेले पाणी, त्यात कुस्करलेला पुदिना आणि थेट पाण्यात बुडणारा हात. तरुण माणसाने खायचीच ठरवली तर पोटाचे दोन दिवस त्यात धरून चालावे. वयस्कर, मधुमेही, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेला माणूस, यांनी ती टाळावी. गरोदरपणात पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ झाली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे मोह नकोच.

बर्फाबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. गोठवल्याने जंतू मरतात, असे शिकलेली माणसेही म्हणतात. बहुतेक जंतू गोठल्यावर झोपतात आणि विरघळल्यावर उठतात. मासे आणि इतर माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला बर्फ उसाच्या रसात जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम झाला. लादी निळसर असेल तर ती पोटात घालायची नाही, एवढे साधे. पण लादी पांढरी असली तरी ती फूटपाथवर घासत आणलेली, गोणपाटात गुंडाळलेली असू शकते. रस बिनबर्फाचा मागता येतो. शहाळे समोर फोडून घेतले तर त्याच्याइतके सुरक्षित पेय चौपाटीवर दुसरे नाही. मूत्रपिंडे आधीच कमकुवत असलेल्यांनी मात्र त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारून प्यावे.

देशावरून आलेल्या पाहुण्यांसाठी माशांबद्दलही दोन शब्द. मालवणी खानावळीत बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. 'मला मासे चालत नाहीत' असा शिक्का बसतो आणि तो माणूस जन्मभर मासे सोडतो. पुष्कळदा ती ॲलर्जी नसतेच. पकडल्यानंतर नीट बर्फात न ठेवलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठते आणि ते तळूनही नाहीसे होत नाही. तोच माणूस दुसऱ्या दिवशी ताजा बांगडा मजेत खाऊ शकतो. पहिल्यांदाच कोळंबी-खेकडे खाऊन ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र ती खरी ॲलर्जी धरायची आणि लगेच रुग्णालय गाठायचे.

आता पुन्हा आजोबांकडे. मूत्रपिंड ही एक गाळणी आहे आणि गाळणी चालायला तिच्यावर रक्ताचा दाब लागतो. जुलाबांनी अंगातले पाणी उतरले की हा दाब घसरू लागतो. निरोगी शरीर तो दोन युक्त्यांनी सावरून धरते: गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद करते आणि तिच्यातून बाहेर जाणारी आवळते. दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक वगैरे, पहिली युक्ती बंद पाडतात. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' येते, त्या दुसरी युक्ती बंद पाडतात. लघवी वाढवणारी गोळी त्याच पट्टीत असेल तर उरलेले पाणीही निघून जाते. एरवी याच सार्टन गोळ्या मधुमेह्याच्या मूत्रपिंडांचे रक्षण करतात. म्हणून तर त्या दिलेल्या असतात. पण जुलाब सुरू असताना, पाणी पोटात जात नसताना, शेजारी दुखण्याची गोळी चालू असताना त्याच उलटतात. आजोबांनी नेम पाळला, आणि नेमकी तीच अडचण झाली.

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारून, उत्तर कागदावर लिहून घ्यावे: जुलाब-उलट्या झाल्या तर यातली कोणती गोळी थांबवायची? सार्टन, प्रिल, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि 'ग्लिफ्लोझिन' अशा शेवटाच्या साखरेच्या गोळ्या सहसा अशा वेळी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने पूर्ण बंद करायचे नसते. मात्रा डॉक्टर ठरवतात. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल पुरते, मूत्रपिंडांच्या दृष्टीने ते बरेच सौम्य आहे.

आणि ओआरएस. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजची पाकिटे बनवून घेतली, पिंपांत पाणी कालवले आणि नातेवाइकांच्या हाती कप दिले. दगावणाऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्याच्या आवरणात साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा एक दरवाजा असतो, त्यांच्यामागून पाणी येते. जुलाब कितीही जोरात असले तरी हा दरवाजा उघडा राहतो. सारी किमया एवढीच. २०२३ साली महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले, तोवर त्यांचे नावही बहुतेकांनी ऐकले नव्हते.

इतकी साधी गोष्ट, तरी ती चुकते. एक लिटरचे पाकीट ग्लासभर पाण्यात कालवतात, मग खारटपणाने उलटी होते. पाणी एक लिटरच हवे. पाण्याची बाटली एक लिटरची घ्यायची, त्यात अख्खे पाकीट ओतायचे, झाले. ओआरएससारख्या नावाखाली दुकानात मिळणाऱ्या फळांच्या चवीच्या गोड खोक्यांत साखर कितीतरी जास्त असते आणि ती जुलाब वाढवू शकते. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. पाकीट मेडिकलमधूनच, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे घ्यावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. 'आजोबांना साखर आहे, त्यांना ओआरएस कसे द्यायचे?' हा प्रश्न हमखास येतो. एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे तीन चमच्यांच्या आसपास. द्यायचे. चिमटीत गोळी धरून दिवसभर उपाशी बसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

जुलाब बांधणारी गोळी लांबच्या प्रवासात तरुणाने एखादी घ्यायला हरकत नाही, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायची नाही, रुग्णालयात जायचे. मेडिकलवाल्याने मोजून दिलेल्या दोन-दोन अँटिबायोटिक गोळ्यांची बहुतेकांना गरजच नसते. लहान मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, किंवा मोठ्या माणसाला सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर गाडीचे तिकीट रद्द करावे. मुंबईत महापालिकेची आणि शासनाची मोठी रुग्णालये चोवीस तास उघडी असतात. पाहुणा असल्याने कोणी परत पाठवत नाही.

आजोबांनी पाणी कमी प्यायले त्यामागे संडासाची अडचण होती, आणि ती अडचण बायकांना रोजची. घरातून निघताना पाणी प्यायचे नाही, दिवसभर प्यायचे नाही, संध्याकाळी घरी जाऊन मग. मुंबईत २०११ साली महिला संघटनांनी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्यांच्या हक्कासाठी मोहीम उभी केली; परिस्थिती थोडी सुधारली, पुरेशी नाही. त्यात मुंबईची हवा. नागपूरचा माणूस चव्वेचाळीस अंशांतून येतो आणि चौतीस अंशांना हसतो. पण घाम वाळला तरच अंग थंड होते, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता वाहतो. हवामान खाते उष्णतेची लाट मैदानी भागात चाळीस अंशांपासून मोजते, किनाऱ्यावर मात्र सदतीसपासून, ते उगाच नाही. रेल्वे स्थानके, मॉल, संग्रहालये या ठिकाणांची शौचालये धरून दिवसाचा मार्ग आखला तर पाणी पिता येते. कुटुंबप्रमुखाने हा विचार बायकांवर सोडू नये.

मधुमेह्यांच्या बाबतीत आणखी एक जागा ठरलेली: मंगळवारची सिद्धिविनायकाची रांग. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतले, 'दर्शन झाल्यावरच खायचं' असा नेम धरला, आणि रांग दुपारपर्यंत हलली नाही. हात कापतात, दरदरून घाम फुटतो. मुंबईत तर सगळ्यांनाच घाम फुटलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याला कळतच नाही. खिशात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी, ती लागलीच खायची आणि मग जेवायचे. देव रागावत नाही. घारापुरीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तासाभराच्या बोटीनंतर सुमारे सव्वाशे पायऱ्या आहेत. छातीत दाटून आले तर तिथेच बसावे, वरची त्रिमूर्ती पळून जात नाही.

गाडी गावाला पोचली म्हणजे मुंबई संपली असे होत नाही. जुलाब दोन-तीन दिवसांत येतात, पण विषमज्वराचा ताप एक ते तीन आठवड्यांनी चढतो, आणि अ प्रकारची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी. तोवर पाणीपुरी कोणाच्या लक्षातही नसते. इमारतींच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्साय डास मुंबईत मलेरिया पसरवतो. त्याचा ताप गाव गाठल्यावर एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या लाटा पाहायला आलेला माणूस परतताना गुडघाभर पाण्यातून चालतो आणि त्याच्या पायाला जखम असेल तर उंदरांच्या मूत्रातून आलेला लेप्टोस्पायरा त्यातून आत शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण वॉर्डावॉर्डांत दिसले. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळी घेता येते.

तालुक्याच्या डॉक्टरांपुढे पंधरा दिवसांनी तापाचा रुग्ण येतो, तेव्हा त्यांना यातले काहीच ठाऊक नसते. ते विचारतात, "कुठे बाहेरगावी गेला होतात का?" रुग्ण म्हणतो, "नाही, साहेब." कारण लेकाकडे जाणे म्हणजे बाहेरगावी जाणे नव्हे, असा त्याचा हिशोब असतो. म्हणून न विचारताच सांगावे: महिन्याभरात मुंबईला गेलो होतो, अमुक दिवशी परतलो, पावसाच्या पाण्यातून चाललो. तारखा आठवत नसतील तर रेल्वेचे तिकीट मोबाइलमध्ये असते, ते दाखवावे.

आजोबांना शिरेतून सलाइन दिले, दुखण्याची आणि सार्टनची गोळी थांबवली, दोनदा डायलिसिस करावे लागले. दहाव्या दिवशी लघवी नीट होऊ लागली आणि क्रिएटिनिन दोनवर येऊन थांबले. त्याखाली ते उतरले नाही. आता दर तीन महिन्यांनी ते तपासायला जातात. दिवाळीत धाकट्याकडे पुन्हा जायचे ठरले आहे. सुनेने ओआरएसची सहा पाकिटे आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद आत्ताच पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला आहे.